नियमशास्त्रांतील वस्त्रांचे नियम व ख्रिस्ती मंडळी

(वाचावयाचे शास्त्रभाग: लेवीय १९:१८, १९; गणना १५:३७–४१; अनुवाद २२:५, ९–१२ आणि २४:१०–१७; गलती ३:२३–२९; कलस्सै २:१६, १७; याकोब २:१–९.)



खेड्यांतील मंडळींत नव्यानें पवित्र शास्त्र वाचूं लागलेला मनुष्य उत्पत्तीपासून आरंभ करून मोठ्या नेटानें वाचीत वाचीत जेव्हां अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायास येऊन पोहोंचतो, तेव्हां अकराव्या वचनापाशीं तो थबकतो. लोकर व ताग हीं एकत्र करून विणलेलें कापड अंगावर घालूं नये अशी तेथें इस्राएल लोकांस आज्ञा आहे. आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत तर दोन प्रकारच्या सुतांचें वस्त्रच वर्ज्य सांगितलें आहे. तो मनुष्य आपल्या अंगांतील सदऱ्याकडे पाहतो. जवळा बाजारासारख्या बाजाराच्या गांवीं आज सदऱ्याचें जें कापड मिळतें तें पुष्कळ अंशीं टेरिकॉट, म्हणजे कापूस व पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचें असतें. त्यांत पॉलिएस्टर ६५ टक्के व कापूस ३५ टक्के असें प्रमाण नेहमीं आढळतें. मग हा सदरा घालणें पाप होय काय? रविवारीं तो घालून उपासनेस यावें कीं येऊं नये? आणि त्यानें उपदेशकास असें विचारिलें तर उपदेशकानें काय उत्तर द्यावें?

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तें जुन्या करारांतलें आहे, तूं सोडून दे, असें उत्तर कोणी देतो. परंतु तें उत्तर घातक आहे. कारण मिश्र वस्त्राचें वचन त्या अध्यायाचें एकोणिसावें आहे, आणि त्याच्या अगदीं आधींचें अठरावें वचन म्हणजे शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीति करावी ही आज्ञा होय, जी प्रभु येशूनें दुसरी मोठी आज्ञा म्हणून निवडिली. जुनी म्हणून एक आज्ञा सोडली तर तिला लागून असलेली दुसरी कोणत्या आधारावर धरावयाची? उलट, शास्त्रांत लिहिलें आहे म्हणजे पाळलेंच पाहिजे, असें उत्तर दिलें तर तो भोळा मनुष्य घरीं जाऊन बायकोमुलांचे कपडे तपासूं लागेल, आणि पुढच्या रविवारीं शेजाऱ्यांचे. म्हणून हीं दोन्ही उत्तरें बाजूस ठेवून शास्त्र उघडावें.

प्रथम नियम काय आहे तो नीट पाहूं. लेवीयांतील वचनांत तीन गोष्टी एकत्र आहेत: भिन्न जातीच्या जनावरांचा संकर करूं नये, शेतांत दोन प्रकारचें बीं मिसळून पेरूं नये, आणि दोन प्रकारच्या सुतांचें वस्त्र घालूं नये. अनुवादांत हाच विषय थोड्या निराळ्या रीतीनें आला आहे. तेथें द्राक्षमळ्यांत दुसरें बीं पेरणें, बैल व गाढव एका नांगरास जुंपणें, आणि लोकर व ताग यांचें कापड घालणें हीं मना केलीं आहेत. वस्त्राच्या नियमांत कोणते दोन धागे अभिप्रेत होते तें यावरून कळतें. यहूदी शास्त्र्यांनींही हा नियम लोकर व ताग यांपुरताच धरिला आहे. कापूस दुसऱ्या धाग्याबरोबर विणिला तर नियम मोडतो असें ते मानीत नाहींत. तेव्हां टेरिकॉटच्या सदऱ्याविषयीं मोशेच्या नियमशास्त्राखालीं चालणाऱ्या कडव्या यहूदी मनुष्यालाही अडचण पडत नाहीं. सदऱ्याचा प्रश्न येवढ्यावरच सुटला. परंतु नियमाचा प्रश्न सुटला नाहीं.

येथें एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या मराठी शास्त्रांत ताग अथवा सण असे जे शब्द वाचावयास मिळतात, त्यांवरून कोणीं गोणपाटाचा ताग मनांत आणूं नये. मूळ इब्री शब्द ज्या झाडाविषयीं आहे तें आपलें जवसच होय. आपण जवस तेलासाठीं व चटणीसाठीं पेरतों. मिसर देशांत व पलेस्तैनांत त्याच जवसाच्या काड्या भिजवून वाख काढीत व त्याचें तलम वस्त्र विणीत असत. यरीहो शहरांत राहाबेनें हेरांस माळवदावर ज्या काड्यांखालीं लपविलें (यहोशवा २:६) त्या ह्याच. आणि कापूस? त्याचें नांव शास्त्रांत एकदांच येतें, तें एस्तेरच्या पुस्तकांत (१:६), पारसाच्या राजाच्या वाड्यांतील पडद्यांचें वर्णन चाललें असतां. तेथील इब्री शब्द कर्पस असा आहे, आणि तो संस्कृत कार्पास ह्या शब्दापासून गेला आहे. आपला कापूस हा शब्दही त्याच मुळाचा. म्हणजे जें पीक आपल्या काळ्या रानांत वाढतें त्याचें नांव आपल्याच देशांतून प्रवास करीत शास्त्रांत जाऊन बसलें आहे. मात्र मोशेच्या वस्त्रनियमांत त्यास जागा नाहीं.

उपदेशकबंधूंनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्या वचनांत वस्त्राचा नियम आहे त्याच वचनांत बियाण्याचा नियम आहे. आपल्या भागांत कपाशीच्या कांहीं ओळींमागें तुरीच्या एक दोन ओळी घालण्याची, किंवा सोयाबिनांत तूर घेण्याची रीत आहे. एक पीक गेलें तरी दुसरें हातीं लागावें म्हणून ती शहाणपणाचीही आहे. जो कोणी मंडळींत उठून मिश्र सुताचें वस्त्र पाप आहे असें म्हणेल, त्यानें आधीं आपल्या रानांतील तूर उपटावी व मग बोलावें. अर्धें वचन दुसऱ्याच्या अंगावर घालावयाचें आणि अर्धें आपल्या शेतापासून दूर ठेवावयाचें हा न्याय नव्हे. गलतीकरांस लिहितांना पौल (५:३) स्पष्ट सांगतो कीं, जो नियमशास्त्राच्या एका खुणेनें देवापुढें नीतिमान ठरूं पाहतो तो सगळेंच शास्त्र पाळण्यास बांधला जातो.

आतां, असा नियम देण्याचें कारण काय? मोशेनें तें सांगितलेलें नाहीं, आणि जेथें शास्त्र मौन धरितें तेथें आपणही फार बोलूं नये. बाराव्या शतकांतील यहूदी पंडित मैमोनिदेस याचें म्हणणें असें कीं, मूर्तिपूजकांचे पुजारी अशीं मिश्र वस्त्रें घालीत, म्हणून इस्राएलास तीं मना केलीं. दुसरें एक कारण अधिक पटण्यासारखें आहे. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत मुख्य याजकाचें एफोद कसें करावें तें सांगितलें आहे: सोनें, निळें, जांभळें व किरमिजी सूत, आणि तलम ताग. त्या काळीं असे गडद रंग लोकरीवरच चांगले बसत, म्हणून हें रंगीत सूत लोकरीचेंच होतें असें यहूदी परंपरा समजते. म्हणजे जें मिश्रण सामान्य इस्राएलास वर्ज्य, तेंच याजकाच्या अंगावर देवाच्या आज्ञेनें चढत असे! पहिल्या शतकांतील इतिहासकार योसेफस, जो स्वतः याजककुळांतला होता, तोही हेंच कारण देतो कीं, तें वस्त्र याजकांसाठीं राखून ठेविलेलें होतें. पवित्र अभिषेकाच्या तेलाविषयीं असाच निर्बंध आहे (निर्गम ३०:३१–३३). तें तेल अशुद्ध होतें म्हणून नव्हे, तर पवित्र होतें म्हणून कोणीं घरीं करावयाचें नव्हतें.

हें ध्यानांत आल्यावर मिश्र वस्त्राकडे पाहण्याची आपली दृष्टि पालटते. त्या कापडांत विटाळ नव्हता. विटाळ हा शब्द आपल्या देशांत फार जणांस भोंवला आहे, म्हणून शास्त्राच्या नियमांत तो नसेल तेथें कोणीं तो घुसडूं नये. तें कापड मंदिरासाठीं राखीव होतें. परंतु इ. स. ७० त यरुशलेमाचें मंदिर पडलें. आणि त्याच्याही आधीं, इब्री लोकांस पत्राच्या सातव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत दाखविल्याप्रमाणें, ज्या याजकपणाची ती वस्त्रें छाया होतीं तें याजकपण ख्रिस्तांत पूर्ण झालें होतें. आतां तर पेत्र (१ पेत्र २:९) सर्व विश्वासणाऱ्यांसच याजकगण म्हणतो, आणि त्यांत जवळ्याचा सालगडीही आला. मग तें वस्त्र राखून ठेवावयाचें तरी कोणासाठीं?

वस्त्राच्या कांठाच्या गोंड्यांचा नियम याहून निराळ्या जातीचा आहे. गणनेच्या पंधराव्या अध्यायांत त्याचें कारण स्पष्ट दिलें आहे: गोंड्यांकडे व त्यांतील निळ्या सुताकडे पाहून देवाच्या आज्ञांची आठवण व्हावी. आपल्या प्रभूनें हा नियम पाळिला. रक्तस्रावाच्या दुखण्यानें पिडलेली स्त्री त्याच्या वस्त्राच्या गोंड्यासच शिवली (मत्तय ९:२०). तथापि जे परूशी आपली धार्मिकता लोकांस दिसावी म्हणून गोंडे मोठे करीत त्यांस त्यानें दोष दिला (मत्तय २३:५). एकच गोंडा, एकाच्या वस्त्राला आठवणीसाठीं, दुसऱ्याच्या वस्त्राला दिखाव्यासाठीं.

हा नियम पाळणारे लोक आपल्या महाराष्ट्रांतच, आपलीच भाषा बोलत शेंकडों वर्षें राहिले आहेत. कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत व शब्बाथ दिवशीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवचे लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान बांधलें गेलें. डॉ. जॉन विल्सन यांनीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत लिहून १८३२ त छापिलें, तें ह्याच लोकांच्या उपयोगासाठीं. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. जीं थोडीं मागें राहिलीं त्यांच्यांतील पुरुष आजही सभास्थानांत गोंड्यांचें वस्त्र पांघरून प्रार्थना करितात. निळें सूत मात्र शेंकडों वर्षें कोणास मिळालें नाहीं, कारण समुद्रांतील एका शंखाच्या जीवापासून तो रंग काढण्याची विद्याच लोपली होती. म्हणून गोंडे पांढरेच राहिले. त्यांनीं तो नियम पाळावा हें योग्यच आहे, कारण तो त्यांच्या पूर्वजांस दिला होता. त्यांचा उपहास ख्रिस्ती मनुष्यानें करूं नये. परंतु आपण त्यांच्यासारखे गोंडे लाविल्यानें देवाच्या अधिक जवळ जाऊं असेंही समजूं नये.

कारण हा प्रश्न मंडळीनें फार पूर्वींच हातीं घेतला होता. इ. स. ५० च्या सुमारास यरुशलेमांत प्रेषित व वडील जमले (प्रेषितांची कृत्यें १५). अन्य जातींतून आलेल्या विश्वासणाऱ्यांनीं सुंता करून मोशेचें नियमशास्त्र पाळावें कीं नाहीं हा वाद होता. पुष्कळ बोलणें झाल्यावर जें पत्र लिहिलें गेलें त्यांत चारच गोष्टींपासून दूर राहण्यास सांगितलें: मूर्तींस अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेलें जनावर व व्यभिचार. वस्त्राविषयीं एक अक्षर नाहीं. पुढें पौलानें कलस्सैकरांस लिहिलें तेव्हां खाणेंपिणें, सण व शब्बाथ यांस त्यानें येणाऱ्या गोष्टींची छाया म्हटलें. आणि गलतीकरांस तर त्यानें वस्त्राचाच दृष्टांत दिला: ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनीं ख्रिस्तालाच परिधान केलें आहे, आणि तें वस्त्र यहूदी, हेल्लेणी, दास, स्वतंत्र, पुरुष व स्त्री ह्या सर्वांस सारखेंच येतें.

आपल्या वडील पाळकांनीं नियमशास्त्राचे नैतिक, विधिविषयक व राज्यविषयक असे तीन भाग शिकविले. १६४७ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राच्या एकोणिसाव्या प्रकरणांत ही विभागणी दिली आहे, व पहिला भाग नित्य बंधनकारक, दुसरा ख्रिस्तांत संपलेला, तिसरा इस्राएलाच्या राज्याबरोबर गेलेला असें तेथें सांगितलें आहे. ही शिकवण उपयोगी आहे. तथापि मोशेनें वचनांवर तशा खुणा करून ठेविलेल्या नाहींत. एकाच पानावर प्रीतीची आज्ञा, सुताचा नियम व मजुराची मजुरी रात्रभर अडकवून न ठेवण्याची आज्ञा शेजारीं शेजारीं आहेत. म्हणून प्रत्येक वचन प्रभु येशूपाशीं नेऊन त्याला पुसावें लागतें. सगळें नियमशास्त्र देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीतींत सामावतें असें त्यानें सांगितलें आहे. हें माप हातीं घेऊन बाकीच्या वस्त्रवचनांकडे पाहूं.

अनुवाद २२:५ हें वचन मंडळींत सर्वांत अधिक वाद माजवितें. पुरुषानें स्त्रीचें व स्त्रीनें पुरुषाचें वस्त्र घालूं नये असें तें आहे. तें दाखवून कोणी म्हणतात कीं, मुलींनीं पँट घालूं नये. आणि एखादा बाप ह्याच वचनाच्या जोरावर मुलीची शाळा बंद करावयास निघतो. येथें थोडा विचार हवा. त्या काळीं यहूदी स्त्री व पुरुष दोघेही अंगरखा व पांघरण्याचें वस्त्रच वापरीत. भेद कांठाचा, रंगाचा व नेसणीचा असे. कोणतें वस्त्र पुरुषाचें व कोणतें स्त्रीचें हें शास्त्र ठरवीत नाहीं, देशाची रीत ठरविते. आपल्या आज्या नऊवारी लुगडें काष्टा घालून नेसत. दुरून पाहिलें तर ती नेसण धोतरासारखीच. म्हणून आजीनें पुरुषाचें वस्त्र घेतलें असें कधीं कोणी म्हणालें काय? पंजाबांत सलवार स्त्रिया व पुरुष दोघेही घालतात. ह्या वचनाचा जो अर्थ प्रीतीच्या मापांत उरतो तो असा कीं, वेष बदलून कोणीं कोणास फसवूं नये, आणि देवानें दिलेलें स्त्रीपण अथवा पुरुषपण तुच्छ मानूं नये. सायकलीवर बसून शाळेस जाणारी मुलगी यांपैकीं कांहींच करीत नाहीं. तिला अडविणाऱ्या बापास उपदेशकानें घरीं जाऊन समजवावें. व्यासपीठावरून बोलून त्याची लाज काढूं नये, नाहींतर तो हट्टास पेटेल व शाळा खरोखरीच सुटेल.

डोक्यावरील पदराविषयीं (१ करिंथ ११) थोडक्यांत सांगतों. पौल तेथें करिंथांतील चालीविषयीं लिहीत होता. आपल्या भागांत प्रार्थनेच्या वेळीं डोक्यावर पदर घेणें हें आदराचें चिन्ह आहे. तें चांगलें आहे, राहूं द्यावें. परंतु शहरांतून आलेल्या एखाद्या सुनेनें पदर घेतला नाहीं म्हणून तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पुरुषांच्या पागोट्याची गोष्टही ध्यानांत घेण्यासारखी आहे. पश्चिमेकडे डोकें उघडें करणें हा मान, तर आपल्याकडे पागोटें उतरणें हा अपमान, आणि मान दाखवावयाचा तर पायांतील वहाणा काढावयाच्या, जशा मोशेनें जळत्या झुडुपापाशीं काढिल्या. आपल्या शेजारच्या जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें इव्हॅंजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले, ते आपल्या देशी पोषाखांत व पागोट्यानिशीं.

दागिन्यांविषयींही असेंच. १ पेत्र ३:३ दाखवून मंगळसूत्र तोडावयास सांगणारे लोक मधून मधून भेटतात. त्यांनीं तें वचन शेवटपर्यंत वाचावें. त्यांत वेणीफणी व सोनें यांच्याबरोबर कपडे घालणें हेंही आहे. तें वचन जर सरसकट मनाई असती तर सोन्याबरोबर लुगडेंही सोडावें लागलें असतें! पेत्राचा रोंख मनुष्याचें खरें भूषण कोठें आहे याकडे आहे. पंडिता रमाबाई ह्यांचें उदाहरण येथें शोभेल. त्यांनीं विधवेचें पांढरें साधें वस्त्र आजन्म वापरिलें, तें कोणाच्या हुकुमानें नव्हे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील भगिनींनीं त्यांस गळ्यांत घालावयास जो क्रूस देऊं केला त्यावर लॅटिन अक्षरें होतीं. आपणांस न कळणाऱ्या भाषेंतील अक्षरें अंगावर कां वागवावीं, संस्कृतांत कां असूं नयेत, असें त्यांनीं पत्रांत निर्भयपणें विचारिलें. ख्रिस्त त्यांस पाहिजे होता. परक्या देशाची खूण त्याच्याबरोबर आलीच पाहिजे असें त्यांनीं मानिलें नाहीं.

आतां मी अशा गोष्टीकडे वळतों, जिच्यामुळें हा पाठ लिहावासा वाटला. आपल्या मंडळींतील पुष्कळांचे पूर्वज ज्या समाजांतून आले, त्यांनीं काय नेसावें हें दुसऱ्यांनीं धर्माच्या नांवावर ठरविलें होतें. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत चांडाळानें प्रेताचीं वस्त्रें वापरावीं व लोखंडाचे दागिने घालावे असा नियम आहे. आणि आपल्या गांवगाड्यांत मढ्यावरील कापड हा महाराचा हक्क समजला जाई, जणूं ती कांहीं देणगीच होती. दक्षिणेस त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांस छाती झांकण्याची बंदी होती. त्यांच्यांतील ज्या ख्रिस्ती झाल्या त्यांनीं अंग झांकिलें म्हणून दंगे झाले, उपासनामंदिरें व शाळा जाळल्या गेल्या. शेवटीं १८५९ त राजानें जाहीरनामा काढून अंग झांकण्याची परवानगी दिली. तरी उच्च जातीच्या स्त्रियांसारखें वस्त्र पांघरावयाचें नाहीं ही अट राहिलीच. आपल्या महाराष्ट्रांत १९२७ च्या डिसेंबरांत महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं जमलेल्या स्त्रियांस जें सांगितलें तेंही हेंच: लुगडें इतर स्त्रियांप्रमाणें घोट्यापर्यंत नेसा, आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखूं येते ते टाकून द्या. पुष्कळ स्त्रियांनीं तेथल्या तेथें नेसण बदलली.

ज्यांच्या आज्यांनीं हें सोसलें त्यांनींच मंडळींत नवा वस्त्रनियम उभारावा काय? तरी तो उभारला जातो, आणि त्यास कागद लागत नाहीं. नाताळच्या उपासनेस पुण्यामुंबईहून आलेलें, कोरे कपडे घातलेलें कुटुंब पुढें सतरंजीवर बसतें, आणि मळक्या लुगड्यांतील मजूर बाई दाराशीं उभी राहते. तिला कोणीं मागें जा म्हटलेलें नसतें, आणि पुढें ये असेंही म्हटलेलें नसतें. याकोबानें दुसऱ्या अध्यायांत ह्याच देखाव्याचें वर्णन केलें आहे, आणि त्यास त्यानें पाप असेंच नांव दिलें आहे. मिश्र सुतास नव्या करारांत कोठेंही तें नांव दिलेलें नाहीं.

मग मोशेच्या वस्त्रनियमांपैकीं आज कांहींच उरलें नाहीं काय? एक उरला आहे, आणि त्याविषयीं मात्र उपदेशकास फारसा कोणी विचारीत नाहीं. निर्गम २२:२६, २७ व अनुवाद २४:१०–१७ हे भाग काढा. गरीबाचें पांघरूण गहाण घेतलें तर सूर्य मावळण्याआधीं परत द्यावें, कारण रात्रीं अंगावर घ्यावयास त्याच्यापाशीं दुसरें नाहीं; विधवेचें वस्त्र तर गहाण घेऊंच नये; आणि गहाण आणावयास ऋणकोच्या घरांत शिरूं नये, बाहेर उभें राहावें. संदेष्टा आमोस (२:८) ज्या लोकांवर संतापला ते असें गहाण ठेविलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ लोळत असत. उपासना चालली होती, आणि अंगाखालीं दुसऱ्याचें पांघरूण होतें.

हा नियम कागदावरच राहिला नव्हता याचा पुरावा सांपडला आहे. १९६० सालीं भूमध्य समुद्राच्या कांठीं याब्नेजवळ एका जुन्या किल्ल्याच्या खोदकामांत खापराच्या तुकड्यांवर शाईनें लिहिलेला एक इब्री अर्ज मिळाला. तो ख्रिस्तापूर्वीं सातव्या शतकाचा, म्हणजे योशीया राजाच्या वेळचा समजतात. अर्जदार कापणीचा मजूर आहे. ठरलेलें काम पुरें करून धान्य कोठारांत घातल्यावरही शोबायाचा पुत्र होशायाहू यानें आपलें वस्त्र काढून नेलें, असें तो अधिकाऱ्यास कळवितो. आपण निर्दोष आहों, उन्हांत बरोबर कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, वस्त्र परत मिळावें, अशी विनंती करितो. होशायाहू हा त्याचा मुकादम असावा. सव्वीसशें वर्षें झालीं. त्या मजुराचें नांव त्या खापरावर नाहीं, मुकादमाचें मात्र आहे.

हा नियम ख्रिस्तापाशीं नेला तर तो छाया म्हणून विरत नाहीं, उलट वाढतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें दोन अंगरखे असणाऱ्यास एक देऊन टाकावयास सांगितलें (लूक ३:११), आणि न्यायाच्या दिवशीं उघड्यास वस्त्र दिलें कीं नाहीं हें प्रभु विचारणार आहे (मत्तय २५:३६). आपल्याकडे आज पांघरूण कोणी गहाण ठेवीत नसेल. परंतु ऊसतोडीस जाणारें कुटुंब मुकादमाकडून उचल घेऊन जातें, आणि मागें राहिलेली म्हातारी किराणा उधार आणिते. मंडळींतील कोणीं हातउसने पैसे देऊन एखाद्याचें रेशनकार्ड, बँकेचें पासबुक किंवा स्वयंपाकाचीं भांडीं ठेवून घेतलीं असतील, तर अनुवादाचा चोविसावा अध्याय त्याच्याविषयींच आहे. पैसे मागण्याचा त्याचा हक्क मोशेनें काढून घेतलेला नाहीं. ज्यावांचून गरीबाची रात्र निघत नाहीं ती वस्तु मात्र त्यानें संध्याकाळपूर्वीं नेऊन द्यावी. उपदेशकांनीं हा पाठ घेतांना आधीं हा अध्याय वाचावा व मग बाविसावा.

जातां जातां एक व्यवहाराची गोष्ट. थंडीच्या दिवसांत वांटण्यासाठीं ज्या स्वस्त कांबळी बाजारांत मिळतात, त्या पुष्कळशा पानिपतच्या गिरण्यांत जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून, त्यांत दुसरे कृत्रिम धागे मिसळून केलेल्या असतात. त्या मिश्र सुताच्या आहेत म्हणून कोणी शंका काढील. त्यानें ह्या पाठांतील आधींचा भाग पुन्हां वाचावा. आणि कांबळी डिसेंबर लागण्यापूर्वींच आणून, ऊसतोडीस गेलेल्यांच्या घरीं जीं म्हातारीं माणसें राहिलीं आहेत त्यांच्याकडे प्रथम पोहोंचत्या कराव्या.